पायाचे माप आणि खोक्यावरचा आकडा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असलेल्या एका घरातील ही हकीकत. सोमवारी सकाळी धुण्याचे कपडे निवडताना सूनबाईंच्या हाती सासऱ्यांचा एक पायमोजा आला. हळदीच्या घरात कपड्यांवरचे पिवळे डाग कोणाला नवे नसतात; परंतु या मोज्याच्या टोकाशी असलेला डाग तांबूस-काळा होता. अण्णा नुकतेच मंदिरातून परतून वर्तमानपत्र चाळीत बसले होते.

“अण्णा, पायाला काही लागलंय का?”

“छे, कुठं दुखतसुद्धा नाही.”

सूनबाईंनी आग्रह धरून पाय पाहिला. उजव्या अंगठ्याचे नख अर्धे काळे पडले होते आणि शेजारच्या बोटाच्या टोकावरचा फोड फुटून कातडी सोलवटली होती. हे केव्हा झाले, हे अण्णांना सांगता येईना. आदल्या दिवशी, रविवारी, ते धाकट्या मुलाबरोबर आमराईत फेऱ्या मारून आले होते. वयाची साठी पूर्ण झाली म्हणून मुलाने त्यांना धावण्याचे नवे बूट भेट दिले होते आणि जानेवारीतल्या पाच किलोमीटरच्या दौडीसाठी दोघांची नावेही नोंदवली होती. बूट घालून हा तिसराच रविवार.

“दुखत नाही” हे शब्द ऐकून घरातल्या सर्वांना हायसे वाटले. डॉक्टरांना तसे वाटले नाही. अण्णांना मधुमेह होऊन चौदा वर्षे झाली होती. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक बारीक ताठ धागा तळव्यावर ठिकठिकाणी टेकवला. हा धागा १० ग्रॅम दाबाला वाकतो. त्याचा स्पर्श कळत नसेल तर तळव्याचे संरक्षक संवेदन हरपू लागले आहे असे समजतात. टाचेपाशी अण्णा “हो” म्हणाले. चवड्यावर आणि अंगठ्याखाली धागा दोन-तीनदा टेकला, तरी ते डोळे मिटून वाटच पाहत राहिले.

नंतर डॉक्टरांनी बूट मागवून घेतले. उजव्या बुटातला सुखतळा बाहेर काढून जमिनीवर ठेवला आणि अण्णांना त्यावर उभे केले. टाच मागच्या कडेशी नीट जुळवली, तेव्हा अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट सुखतळ्याच्या पुढच्या कडेबाहेर आलेले सर्वांना दिसले.

“बूट कितीचे घेतलेत?”

“आठचे,” अण्णा म्हणाले. “लग्नापासून आठच लागतात मला.”

अण्णांच्या अडतीत मालाच्या वजनात पोत्यामागे शंभर ग्रॅमचा फरक दिसला तरी हमालाला थांबवून पोते पुन्हा काट्यावर चढवले जाते. तत्त्वार्थसूत्राने अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत मापातील कमी-जास्तीचा समावेश केला आहे, हे या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. त्याच घरात पस्तीस वर्षे पायाला कोणी माप लावलेले नव्हते. आणि ही गोष्ट एकट्या या घराची नाही. बहुतेकांना आपल्या बुटाचा आकडा जन्मतारखेसारखा पाठ असतो आणि जन्मतारखेसारखाच तो कधी बदलणार नाही असे वाटते.

पाय बदलतात. तारुण्यानंतर हाडे वाढत नाहीत हे खरे. पण हाडांना बांधून ठेवणारे स्नायुबंध वयाबरोबर सैल होतात, तळव्याची कमान थोडी बसते आणि पाऊल लांबीला व रुंदीला पसरते. वजन वाढले की हे लवकर घडते. दिवसभर गादीवर पाय दुमडून बसणाऱ्याच्या पावलांवर सायंकाळी सूज असते ती निराळीच. स्त्रियांच्या बाबतीत गरोदरपणात पाऊल पसरते आणि पुष्कळदा ते मूळ मापावर परतत नाही. प्रसूतीनंतर जुनी पादत्राणे “आटली” असे वाटते ते यामुळे.

मुळात हा आठ म्हणजे काय? भारतात बुटांचे आकडे बहुधा इंग्रजी पद्धतीचे असतात आणि त्या पद्धतीचे एकक आहे जवाचा दाणा. एका इंचात तीन जव, म्हणजे एक जव सुमारे साडेआठ मिलिमीटर. मोठ्या माणसांच्या बुटाचा आकडा काढताना फर्म्याची, म्हणजे ज्यावर बूट बेततात त्या पावलाच्या आकाराच्या साच्याची, लांबी जवांत मोजतात आणि त्यातून २५ वजा करतात. उलट हिशेब केला तर आठात पंचवीस मिळवून तेहतीस जव, त्याला तिनाने भागून ११ इंच, म्हणजे जवळजवळ २८ सेंटिमीटर. हा हिशेब फर्म्याचा झाला. त्या बुटात केवढे पाऊल मावावे, हे बूट करणाऱ्याने फर्म्यात पुढे किती जागा सोडली यावर ठरते आणि ती जागा प्रत्येक कारखाना आपल्या मताने सोडतो. युरोपातील पद्धतीचे एकक वेगळे, दोन तृतीयांश सेंटिमीटर. अमेरिकेतील आकडा पुन्हा इंग्रजीहून अर्ध्याने किंवा एकाने पुढे, आणि तेथे स्त्रियांचा आकडा पुरुषांच्या आकड्याहून निराळा. त्यामुळे दुकानात दोन खोकी शेजारी ठेवली, तर दोन्हींवर इंग्रजी आठ असूनही एकावर युरोपचा ४२ आणि दुसऱ्यावर ४२.५ आढळतो, सेंटिमीटरच्या रकान्यात एकावर २६.५ आणि दुसऱ्यावर २७. खोक्यावरच्या चिठ्ठीतील सर्वांत उपयोगी आकडा हा सेंटिमीटरचाच, कारण तो साच्याऐवजी पावलाविषयी काही सांगतो. ग्राहक मात्र तोच वाचत नाहीत.

जवाने मोजण्याची कल्पना जैन वाचकाला परकी नाही. तिलोयपण्णत्ती आणि अनुयोगद्वारसूत्र या दोन्हींत आठ जवांचे एक उत्सेधांगुल सांगितले आहे. मात्र तेथे दाण्याची रुंदी धरलेली आहे आणि इंग्रजांनी लांबी धरली. अंगुलाचे प्रकारही तीन: देहांची उंची मोजण्यासाठी उत्सेधांगुल, द्वीप-समुद्र-पर्वत मोजण्यासाठी प्रमाणांगुल, आणि ज्या त्या काळातील माणसांच्या स्वतःच्या बोटाचे ते आत्मांगुल. घरे, वाहने, भांडी अशा नित्य वापराच्या वस्तू आत्मांगुलाने मोजाव्यात अशी योजना आहे. वापरणाऱ्याच्या हातापायांशी ज्या वस्तूचा संबंध, तिचे माप वापरणाऱ्याच्याच शरीरावरून घ्यावे, हा विवेक त्यात दिसतो. बुटांच्या दुकानातला जाणता माणूस आजही हेच करतो. ग्राहकाला उभे करतो आणि त्याच्या पुढच्या बोटापलीकडे त्याच्याच अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरते का, हे दाबून पाहतो.

पाऊल नीट मोजण्याचे साधन शोधले तेही एका दुकानदाराच्या मुलाने. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज या गावी चार्ल्स ब्रॅनॉक याच्या वडिलांचे भागीदारीत बुटांचे दुकान होते. तेव्हा मापासाठी एक लाकडी पट्टी वापरीत. तिच्यावर लांबी आणि रुंदी एवढेच कळे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात या तरुणाने, मुलांच्या खेळण्यातल्या लोखंडी पट्ट्या जोडून प्रथम नमुना बनवला आणि मग धातूचे सरकत्या कड्यांचे ते साधन तयार केले, जे आजही जगभरच्या दुकानांत दिसते. त्यात तिसरे माप आले: टाचेपासून चवड्याच्या फुगवट्यापर्यंतचे अंतर. दोन माणसांच्या पावलांची लांबी सारखी असली, तरी एकाची बोटे लांब व दुसऱ्याची आखूड असू शकतात. बूट जिथे वाकतो तिथेच पाऊल वाकले पाहिजे, म्हणून हे तिसरे माप. काउंटरमागे वाढलेल्या मुलाला ग्राहक कशामुळे परत येतो आणि कशामुळे येत नाही हे दिसले असणारच.

आपल्याकडे फारच थोड्या दुकानांत हे साधन आढळते. पण घरी काम भागते. कोरा कागद भिंतीला टेकवून फरशीवर पसरावा. संध्याकाळी, दिवसभराची सूज उतरण्यापूर्वी, सूर्यास्ताआधीचे जेवण आटोपले की ही वेळ उत्तम. धावताना जे मोजे घालायचे तेच घालून टाच भिंतीला लावून उभे राहावे. बसून माप घेऊ नये. पावलावर पूर्ण भार आला की ते किती पसरते हे स्वतः पाहिल्याशिवाय खरे वाटत नाही. स्वतः वाकून खूण करू नये, कारण वाकताना भार सरकतो. घरातल्या दुसऱ्या कोणी पेन्सिल उभी धरून पावलाभोवती रेघ ओढावी. भिंतीपासून सर्वांत पुढे आलेल्या बोटापर्यंतचे अंतर म्हणजे लांबी. हे बोट अंगठाच असते असे नाही. पुष्कळांचे अंगठ्याशेजारचे बोट पुढे असते, अण्णांचेही तसेच निघाले. चवड्याच्या सर्वांत रुंद भागाची रुंदीही लिहून ठेवावी. आणि दोन्ही पावले मोजावीत. दोन्ही अगदी सारखी असलेली माणसे थोडी. मोठ्या पावलाचे माप हेच खरेदीचे माप.

एवढे झाल्यावर त्या लांबीच्या बरोबरीचा बूट घेतला तर तो चालण्याला कदाचित पुरेल, धावण्याला पुरणार नाही. धावणाऱ्याचे पाऊल प्रत्येक वेळी जमिनीवर टेकताना पसरते आणि बुटात किंचित पुढे सरकते. अर्ध्या तासाने ते गरम होऊन फुगते. उतारावर तर ते सतत पुढे ढकलले जाते. पुढे जागा नसेल तर नख हजारो वेळा एकाच ठिकाणी आदळते, नखाखाली रक्त साखळते आणि ते काळे पडते. धावपटूंच्या गप्पांत काळ्या नखाचा उल्लेख पदकासारखा होतो. वस्तुतः बहुतेक वेळा ती चुकीच्या मापाची पावती असते. म्हणून अंगठ्याच्या रुंदीइतकी, सुमारे एक सेंटिमीटर, मोकळी जागा. नित्याच्या बुटांपेक्षा अर्धा आकडा, क्वचित पूर्ण आकडा मोठा घ्यावा लागतो तो यासाठी.

लांबीपेक्षाही आपल्याकडे अधिक चुकते ती रुंदी. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातील ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांची पावले यंत्राने मोजली. (संस्थेच्या नावातील चर्म जैन वाचकाला खटकेल, पण ही मापे कापडी बुटालाही तितकीच लागू आहेत.) भारतीयांची पावले युरोप-अमेरिकेतल्यांपेक्षा सामान्यतः रुंद असतात, असे त्यातून दिसले आणि भारतीय पावलांसाठी ‘भा’ नावाच्या स्वतंत्र आकडेपद्धतीचा प्रस्ताव पुढे आला. परदेशी फर्म्यावरचा बूट कडेला आवळतो तेव्हा आपण एक आकडा मोठा मागतो. रुंदी मिळते खरी; परंतु बूट लांबही होतो, त्याची वाकण्याची जागा चवड्यापुढे जाते आणि टाच मागे उचलली जाऊ लागते. करंगळीवर कुरूप आणि टाचेवर फोड असलेल्या माणसाने लांबी न वाढवता रुंद बूट मागावा. धावण्याच्या बुटांत अनेक उत्पादक रुंद प्रकार करतात. पुरुषांच्या बुटांवर सामान्य रुंदीसाठी ‘डी’, तर रुंदसाठी ‘२ई’ आणि अतिरुंदसाठी ‘४ई’ अशी खूण असते. दुकानदार ती सहसा स्वतःहून सांगत नाही, कारण तो माल त्याने ठेवलेलाच नसतो. विचारणारे वाढले की ठेवील. व्यापाऱ्यांना हे सांगायला नको.

मोठा आकडा घेण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते विशेषतः आपल्या घरांत आढळते. ज्याला दिवसातून पाच-सहा वेळा पादत्राणे काढावी लागतात, म्हणजे मंदिराच्या पायरीशी, स्थानकात, दुकानाच्या गादीखाली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, तो नाडी सोडण्या-बांधण्याच्या भानगडीत पडत नाही. गाठ कायमची बांधलेली, आणि बूट असा की पाय सरकन आत जावा नि सरकन बाहेर यावा. तो बूट दुकानात “आरामशीर” वाटतो. धावताना मात्र त्यात पाऊल पुढे-मागे घसरते, टाच घासते आणि बोटे बुटाला धरून ठेवण्यासाठी नकळत आखडतात. धावण्याचा जोड वेगळा ठेवावा. तो घालून मंदिरात जाऊ नये, दुकानावर तर नाहीच. टाच तरीही उचलली जात असेल तर घोट्याजवळचे सर्वांत वरचे, बहुधा रिकामे राहणारे भोक वापरावे. नाडी त्याच बाजूच्या त्या भोकातून आत घालून लहान फास करावा, प्रत्येक टोक समोरच्या फासातून ओढून घ्यावे आणि मग गाठ बांधावी. टाच जागच्या जागी बसते आणि चवडा मोकळा राहतो.

डॉक्टरांकडून परतताना अण्णांनी एक शंका काढली, आणि ती पुष्कळ घरांत निघते. “महाराज तर आयुष्यभर अनवाणी विहार करतात. त्यांना कुठं मापं लागतात?” मुलाने त्यांना अबेबे बिकिला या इथिओपियन धावपटूची गोष्ट सांगितली. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याला मिळालेल्या बुटांपैकी एकही जोड नीट बसेना. चावणारे बूट घालण्यापेक्षा, सरावात केले होते तसे अनवाणीच धावायचे त्याने ठरवले आणि मॅरेथॉन २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत जिंकली. चार वर्षांनी टोकियोत तो पुन्हा जिंकला, तेव्हा त्याच्या पायांत बूट होते. बूट हवेच, असे या गोष्टीतून निघत नाही. न बसणाऱ्या बुटापेक्षा अनवाणी पाय बरा, एवढे मात्र निघते. परंतु मुनिराजांचे पाऊल आणि बिकिलाचे पाऊल यांत जे समान आहे, तेच अण्णांच्या पावलात उरलेले नाही. खडा टोचला की ते पाऊल क्षणात उचलले जाते. ज्या तळव्याला धाग्याचा स्पर्श कळत नाही, त्याला खडाही कळत नाही, उन्हाने तापलेली फरशीही कळत नाही आणि अर्धा आकडा लहान असलेला बूटही कळत नाही.

सर्वांत घातक भाग येथे आहे. संवेदन कमी झालेल्या माणसाला योग्य मापाचा बूट ढिला वाटतो. पाय बुटात “आहे” हे जाणवण्यासाठी त्याला दाब लागतो, म्हणून तो स्वतःच घट्ट जोड निवडतो आणि दुकानात समाधानाने मान डोलावतो. भेट दिलेले बूट घालताच अण्णाही म्हणाले होते, “अगदी मापात!” बूट घालून पाहा आणि काय वाटते ते सांगा, हा सल्ला इतरांसाठी ठीक आहे, मधुमेह्याने मात्र वाटण्यावर विसंबू नये. त्याने डोळ्यांनी मोजावे. कागदावरची रेघ, बाहेर काढलेला सुखतळा, त्यावर उभे राहिल्यावर बोटापुढे उरलेली जागा, हे सारे घरातल्या दुसऱ्या माणसाने पाहावे. नवा जोड पहिल्या दिवशी घरातच अर्धा तास घालावा, काढून तळवे व बोटे तपासावीत, कुठे लाली राहिली आहे का ते पाहावे. बूट घालण्यापूर्वी दर वेळी आत हात फिरवावा. सुरकुतलेला सुखतळा किंवा एखादा खडाही जखम करतो. मोजे पांढरे घ्यावेत. अण्णांचा मोजा काळा असता तर सूनबाईंना तो डाग दिसलाच नसता.

मंदिराचा प्रश्न उरतोच. तेथे पादत्राणे काढायचीच आहेत आणि काढावीतच. अशा व्यक्तीने फरशी तापण्यापूर्वी, सकाळी लवकर दर्शन घ्यावे. मंदिरासाठीच राखून ठेवलेले धुतलेले सुती मोजे चालतील का, हे तेथील व्यवस्थापनाला मोकळेपणाने विचारावे. घरी परतल्यावर तळव्याखाली आरसा धरून पाहावे. बाहुबलीचा डोंगर भर उन्हात अनवाणी चढण्याचा संकल्प करण्यापूर्वी मात्र डॉक्टरांशी बोलावे.

मुलांच्या बाबतीत उलटी चूक होते. “वाढता पाय आहे” म्हणून दोन आकडे मोठा बूट घेतात आणि पुढे कापूस कोंबतात. मूल अडखळते, घोटा मुरगळतो, आणि बूट मापाला येईपर्यंत झिजून गेलेला असतो. अंगठ्याएवढी जागा मुलालाही पुरे. मात्र दर तीन-चार महिन्यांनी ती उरली आहे का हे पाहिले पाहिजे. थोरल्याचे बूट धाकट्याला देण्याची काटकसर इतर पादत्राणांत एक वेळ चालेल. धावण्याच्या बुटाचा फोम पहिल्याच्या पावलाने एका बाजूला दबलेला असतो, आणि धाकटा तसाच तिरपा धावू लागतो.

चामड्याविषयी थोडे. धावण्याचे बूट बहुतांशी कृत्रिम धाग्याच्या जाळीचे असतात, तरी काहींवर मऊ लवदार चामड्याचे तुकडे शिवलेले असतात आणि ते हाताला कापडासारखे लागतात. बुटावर किंवा खोक्यावर चित्रांची चिठ्ठी असेल तर ती पाहावी: सोललेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडे, विणलेल्या चौकोनाचा म्हणजे कापड, आणि साधा चौकट आकार म्हणजे इतर पदार्थ. गोंदाबद्दल चिठ्ठी काही सांगत नाही. ज्यांना तेही पाहायचे आहे त्यांनी उत्पादकाला लेखी विचारावे. प्राणिज पदार्थ नसल्याचे स्पष्ट सांगणारे उत्पादक आता पुष्कळ आहेत.

अण्णांच्या मुलाने बूट मोबाइलवरून, दिवाळीच्या सवलतीत मागवले होते. त्यात गैर काही नाही. चूक झाली ती वडिलांना न मोजता जुन्या चपलेचा आकडा टाकण्यात. आता त्याने सुचवले की आठ, साडेआठ आणि नऊ असे तीन जोड मागवू आणि दोन परत पाठवू. अण्णांनी नकार दिला. परत येणाऱ्या मालाचे भाडे, फाटलेले खोके आणि अडकलेले भांडवल कोणाच्या तरी अंगावर पडते, हे अडत्याला वेगळे सांगावे लागत नाही. दुकानात तासभर बूट घालून पाहायचे, आकडा कळला की बाहेर येऊन मोबाइलवर दोनशे रुपये स्वस्तात मागवायचे, हेही त्यांना मंजूर नव्हते. माप ज्याने घेतले, माल त्याच्याकडून. या बाबतीत व्यापारी कुटुंबांनी तरी दुसऱ्या व्यापाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहायला हरकत नसावी.

संध्याकाळी सात वाजता हॉलमधल्या भिंतीशी कागद पसरला. जखमेवर पट्टी होती, म्हणून सैल सुती मोजा घातला आणि पट्टीची जाडी वगळून सूनबाईंनी पेन्सिल धरली. डावा पाय २६.४, उजवा २६.९. पहिल्या जोडाच्या खोक्यावर सेंटिमीटरच्या रकान्यात २६.५ छापलेले होते. ते तेव्हा कोणी वाचले नव्हते. गावातल्या दुकानदाराने कागद पाहिला, रुंदी विचारली आणि त्या प्रकारात नऊचा रुंद जोड पुण्याहून मागवावा लागेल, आठवडा लागेल, असे सांगितले. घाई नव्हती. जखम भरेपर्यंत डॉक्टरांनी कोणताही बंद बूट घालायला मनाई केली होती. त्यानंतर आधी चालणे, आणि धावण्याचा विचार पुन्हा धाग्याची परीक्षा झाल्यावर. जानेवारीच्या दौडीत मुलगा एकटाच धावणार होता. पायाच्या अंगठ्याचे नख पूर्ण नवे यायला वर्ष-दीड वर्ष लागते.

अण्णांनी तो कागद घडी करून चोपडीत ठेवला आणि वर तारीख घातली. तेवढ्यात नात शाळेच्या क्रीडादिनासाठी नवे बूट हवेत म्हणून आली.

“आजोबा, माझा नंबर दोन आहे.”

अण्णांनी दुसरा कागद घेतला आणि भिंतीशी पसरला. “मोजे घालून ये,” ते म्हणाले, “आणि ताठ उभी राहा.”